बिब्बा उतला तर

१९४३ साली आसामातल्या लेडो इथल्या अमेरिकन लष्करी रुग्णालयात डॉक्टरांपुढे एक चमत्कारिक दुखणं आलं. लेडोहून ब्रह्मदेशातून थेट चीनपर्यंत रस्ता काढायचं काम तेव्हा चालू होतं. त्या जंगलात मलेरिया आणि आमांश भेटणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. पण काही सैनिकांच्या मानेवर मागच्या बाजूला, नेमकी कॉलर टेकते तिथे, लालभडक चट्टा उठलेला असे. त्यावर बारीक फोड, फोडांतून पाणी, आणि रात्रभर झोपू न देणारी खाज. कुणाला तसाच चट्टा कमरेवर, पँटचा पट्टा येतो त्या जागी. जंगलातल्या एखाद्या वेलीला अंग घासलं असावं म्हणावं, तर वेल एवढी जागा निवडून कशी लागेल?

उत्तर कपड्यांच्या आतल्या बाजूला होतं. सैनिकांचे कपडे गावातले धोबी धूत. शंभर माणसांचे एकसारखे खाकी सदरे. कुठला कुणाचा हे कळावं म्हणून धोबी प्रत्येकावर एक छोटी काळी खूण करी. ती खूण बिब्ब्याच्या तेलाची असे. कितीही धुतली, आपटली, उन्हात वाळवली तरी ती जात नाही, आणि म्हणूनच धोब्यांनी पिढ्यानपिढ्या तिचा भरवसा धरला. डॉ. क्लॅरेन्स लिव्हिंगूड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या दुखण्यावर लेख लिहिला आणि त्याला धोब्याच्या खुणेचं नाव दिलं. वैद्यकाच्या पुस्तकांत ते नाव आजही आहे.

मराठी माणसाला हे कोडं फार वेळ पडलं नसतं. चट्टा बघून घरातल्या आजीनेच सांगितलं असतं, ‘बिब्बा उतलाय.’

बिब्ब्याचं झाड महाराष्ट्रात डोंगरउतारावर, पानगळीच्या जंगलात सर्रास दिसतं. फळ काळं, गुळगुळीत, थोडं चपटं. त्याच्या डोक्यावर केशरी रंगाचा मांसल भाग असतो. तो वाळवून खातात. आतल्या बीला गोडंबी म्हणतात आणि ती बाळंतिणीच्या लाडवांत जाते. म्हणजे वरचा भाग खाण्याचा, आतला भाग खाण्याचा, आणि दोन्हींच्या मध्ये जे टरफल आहे त्याच्या लहान लहान कप्प्यांत भरलेलं दाट तेल मात्र जहाल. जुन्या घरांत हे तेल काढायची रीत ठरलेली होती. दाभणाच्या टोकावर बिब्बा टोचायचा, दिव्याच्या ज्योतीवर धरायचा, टरफल तडतडलं की बुडाशी तेलाचा काळपट थेंब जमतो. तो टाचेच्या भेगेत सोडायचा, काटा मोडलेल्या जागी लावायचा, मुरगळलेल्या घोट्यावर त्याचे ठिपके द्यायचे. कधी खोकल्यासाठी दुधातही तो थेंब टाकत. पायाची कातडी जाड असते म्हणून बऱ्याचदा निभावून जाई. ज्याचं निभावत नसे, त्याच्या अंगावर दोन दिवसांनी फोड यायचे, घोटा सुजून तंगायचा आणि मूळ दुखणं परवडलं असं व्हायचं.

पोटात घेतलेला बिब्बा तर याहून वाईट. अंगभर पुरळ उठतंच, आणि मूत्रपिंडाला कायमची इजा झाल्याच्या नोंदी भारतीय वैद्यकीय साहित्यात आहेत. आयुर्वेदात बिब्बा भल्लातक या नावाने औषध आहे हे खरं. पण तिथेही तो शुद्ध केल्याशिवाय वापरायचा नाही असा दंडक आहे. विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचं तेल शोषून घेण्याची कृती त्यासाठीच सांगितली आहे. दिव्यावर तापवून थेट दुधात टाकलेला थेंब या दंडकात बसत नाही.

या तेलाची एक वेगळी हकिकत न्यायवैद्यकात आहे. खोटी फिर्याद करायची असेल तर मार लागल्याचे वळ अंगावर ‘उठवायला’ बिब्बा वापरला जातो, हे न्यायवैद्यक शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आजही सांगितलं जातं. खऱ्या मुक्या माराचा रंग दिवसागणिक लाल, निळा, हिरवट, पिवळा असा बदलत जातो. बिब्ब्याचा डाग काळपट तपकिरीच राहतो, कडेने बारीक फोड असतात आणि तो खाजतो. मुक्या माराला खाज नसते. फिर्यादीने खाजवलेलं असतं, त्यामुळे त्याच्या बोटांच्या टोकांवरही तसेच फोड सापडतात. बनाव उघडा पडतो तो तिथे.

बिब्ब्याचं तेल दोन तऱ्हांनी इजा करतं. पहिली तऱ्हा सरळ आहे. त्यातली फिनॉल जातीची रसायनं दाट असली की कातडी पोळतात, आणि हे कुणाच्याही बाबतीत होतं. दुसरी तऱ्हा अधिक गुंतागुंतीची आहे आणि बहुतेक सगळा गोंधळ तिच्याबद्दलच होतो. या तेलातल्या रेणूला एक गोल डोकं आणि पंधरा-सतरा कार्बन अणूंची लांब शेपटी असते. शेपटीला तेल-चरबी प्रिय, त्यामुळे हा रेणू कातडीच्या वरच्या थरातून सहज आत शिरतो. आत गेल्यावर त्याचं रूप पालटतं आणि तो आपल्याच प्रथिनांना घट्ट चिकटतो. शरीराच्या संरक्षक पेशींना ती प्रथिनं आता ओळखू येत नाहीत. परका घुसला असं समजून त्या स्वतःच्याच कातडीवर तुटून पडतात. सूज, फोड, पाणी, खाज ही सगळी या हल्ल्याची करणी. वनस्पतीचं काम केव्हाच संपलेलं असतं.

हा हल्ला सावकाश होतो. आयुष्यात पहिल्यांदा गाठ पडली तर शरीराला ओळख पटवायलाच दहा दिवस ते तीन आठवडे लागतात. कधी कधी पहिल्या खेपेला काहीच दिसत नाही. पुढच्या खेपेपासून मात्र दिवसा-दोन दिवसांत पुरळ उठतं, आणि ही ओळख वर्षानुवर्षं पुसली जात नाही. ‘गेल्या वर्षी हात लावला होता, तेव्हा काही झालं नाही’ असं रुग्ण डॉक्टरांना खात्रीने सांगतो. तो खरंच बोलत असतो. गेल्या वर्षीच्या त्याच स्पर्शाने यंदाच्या फोडांची तयारी केलेली असते. आणि पुरळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठल्यामुळे आळ भलत्याच गोष्टीवर जातो. रविवारी रानात बिब्बे गोळा केले, मंगळवारी चट्टे आले, तर सोमवारी खाल्लेली वांगी पथ्यातून बाद होतात.

बिब्बा या बाबतीत एकटा नाही. त्याच्या कुळात आंबा आहे, काजू आहे, चारोळी आहे, पिस्ता आहे. अमेरिकेतली कुप्रसिद्ध पॉयझन आयव्ही ही तीन-तीन पानांची वेलही याच कुळातली, आणि जपानमध्ये लाकडी भांड्यांवर आरशासारखी चकाकी आणणारा लाखेचा चीक ज्या उरुशी झाडातून काढतात तेही. उरुशीच्या चिकावर जपानी रसायनशास्त्रज्ञ रिको मजिमा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काम केलं आणि त्यातल्या उरुशिऑल या द्रव्याची रचना उलगडली. तेव्हापासून या कुळातल्या एकेका झाडाचा चीक तपासला गेला. बारकावे वेगळे निघाले, पण ठेवण तीच: गोल डोकं, लांब शेपटी. शरीरालाही त्यांतला फरक नीटसा कळत नाही. एकाची ओळख झाली की दुसऱ्यावरही ते चवताळून उठतं.

त्यामुळे घडलेली एक गोष्ट १९८२ सालची. पेनसिल्व्हेनियात मुलांच्या बेसबॉल संघाने निधी जमवायला काजूची पाकिटं विकली. काजू मोझांबिकमधून आलेले होते आणि काही पाकिटांत टरफलाचे तुकडे राहून गेले होते. ते खाऊन ५४ जणांच्या अंगावर पॉयझन आयव्हीसारखं पुरळ उठलं. काजूच्या टरफलातलं तेल हे बिब्ब्याच्या तेलाचं सख्खं भावंड आहे. अमेरिकनांच्या शरीराला त्याची ओळख आधीच त्यांच्या वेलीने करून दिलेली होती.

आंब्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडच्या वाचकांना धीर वाटावा असा एक अभ्यास आहे. इस्रायलमध्ये उन्हाळ्यात आंबे काढण्याच्या कामाला आलेल्या १७ अमेरिकनांना देठाच्या चिकाने पुरळ उठलं. त्यांच्यासोबत तेच काम करणाऱ्या इस्रायली लोकांना काहीच झालं नाही. २००५ साली हे निरीक्षण छापताना संशोधकांनी असा अंदाज मांडला की लहानपणापासून आंबा खाऊन इस्रायली शरीराला त्याची सवय झाली असावी, तर अमेरिकन मुलांच्या शरीराची या कुळाशी पहिली भेट कातडीवरच, विषारी वेलीमार्फत झाली. मे महिन्यात पेट्याच्या पेट्या संपवणाऱ्या कोकणातल्या पोरांच्या ओठांना सहसा काही का होत नाही, याचं कारण कदाचित यात असेल. तरीही देठ तोडल्यावर उडणारा ताजा चीक गालावर किंवा ओठाच्या कोपऱ्यात लागला तर पोळतो आणि काळा डाग सोडतो. तो चीक कातडी भाजण्याइतका तिखट असतो. सवयीचं शरीर त्यापुढे काही करू शकत नाही. आंबा आधी पाण्यात घालून ठेवायची, देठाकडचा भाग कापून चीक पिळून टाकायची घरोघरची रीत अगदी योग्य आहे.

आता उपचार. यातला सगळ्यात मोलाचा भाग दवाखान्याच्या कितीतरी आधी येतो.

उरुशिऑल जातीचं तेल कातडीत मुरायला फार वेळ घेत नाही. त्वचारोगतज्ज्ञांचा ढोबळ हिशोब असा: दहा मिनिटांत धुतलं तर निम्मं तेल निघतं, पाव तासाने पाव हिस्सा, अर्ध्या तासाने दहावा हिस्सा. तासाभरानंतर जे आत गेलं ते गेलं. म्हणून चीक लागला असं कळताक्षणी जवळ जे पाणी असेल त्याकडे पळावं. साबण हवाच, कारण तेल नुसत्या पाण्याने सुटत नाही. भांडी घासायचा साबणही चालतो, किंबहुना चांगलाच चालतो. ओल्या फडक्याने चोळून, धुऊन, पुन्हा साबण लावून असं दोन-तीनदा करावं. एकदाच साबण फिरवला तर तेल निघण्याऐवजी पसरायचीच शक्यता जास्त. नखांखालची जागा विसरू नये. बहुतेक वेळा डोळे, मान आणि जांघा इथे गेलेलं तेल नखांतूनच गेलेलं असतं.

खोबरेल तेल लावावं की नाही? गावाकडे बिब्बा उतू नये म्हणून खोबरं चोळतात, तीळ वाटून लावतात. तेलात तेल विरघळतं, तेव्हा खोबरेल लावून चीक पुसून काढण्यात अर्थ आहे, पण लगेच साबणाने धुवायचं असेल तरच. तेल चोपडून तसंच बसून राहिलं तर बोटभर जागेतला चीक हातभर पसरतो.

मग कपडे. रानात घातलेला सदरा, कोयत्याची मूठ, चपलेचा पट्टा, दोर. हे तेल वस्तूंवर महिनोन् महिने टिकतं. लेडोच्या सैनिकांनी ते कॉलरवर अनुभवलंच होतं. बरं झालेलं पुरळ पंधरा दिवसांनी पुन्हा उठलं तर आधी कोयता धुवावा.

आणि एक भीती मनातून काढून टाकावी. फोडातलं पाणी लागून पुरळ पसरत नाही, घरातल्या दुसऱ्या कुणालाही होत नाही. त्या पाण्यात चीक नसतो, ती शरीराचीच लस असते. चट्टे तीन-चार दिवस नवनवीन जागी येत राहतात म्हणून पसरल्यासारखं वाटतं. वास्तविक पापणीची कातडी पातळ, तिथे लवकर उठतं. पोटरीची जाड, तिथे उशिरा. जिथे तेल कमी लागलं तिथेही उशिरा. पुरळ आलेल्या बाईला बाळाला जवळ घेऊ न देणं, तिचं ताट वेगळं काढणं, हे निव्वळ अज्ञान आहे आणि ते थांबायला हवं.

पुरळ उठल्यावर घरी करण्यासारखं थोडंच आहे, पण ते उपयोगी आहे. थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ सुती फडकं पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा ठेवावं. पाणी सुटलेल्या फोडांवर याने खरोखर आराम पडतो. त्यावर कॅलामाइन लोशन. मोठा फोड स्वतःहून फोडू नये. फुटलाच तर वरची साल ओढू नये, तिच्याखाली नवी कातडी तयार होत असते. हळद, चुना, टूथपेस्ट, लिंबाचा रस यांपैकी काहीही लावू नये. आधीच पेटलेल्या कातडीवर आणखी एक चुरचुरणारा पदार्थ पडतो आणि मग डॉक्टरांना मूळ दुखणं ओळखू येत नाही.

खाजेसाठी लोक मेडिकलमधून सेट्रिझिन आणतात. गांधील पित्ताला त्याचा चांगला गुण येतो. इथे फारसा येत नाही, कारण ही खाज हिस्टामिनमुळे सुटलेलीच नसते. डॉक्टर कधी कधी झोप आणणारी जुनी अॅलर्जीची गोळी रात्री देतात ती रुग्णाला चार तास झोप मिळावी म्हणून, आणि न झोपलेल्या माणसाला तेही मोठं औषध आहे.

खरं औषध स्टेरॉइड. संरक्षक पेशींचा हल्ला मागे घ्यायला लावण्याचं काम तेच करतं. चट्टे थोडे असतील तर तीव्र शक्तीचं मलम, तेही पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केलं तर उपयोग. फोड भरून आल्यावर वरून लावलेलं मलम फार खोल पोचत नाही. चेहरा, पापण्या, जांघा इथे तीव्र मलम लावायचं नसतं. चेहरा सुजून डोळे मिटले असतील, गुप्तांगावर पुरळ असेल किंवा अंगाचा मोठा भाग व्यापला असेल तर गोळ्या लागतात: प्रेडनिसोलोन, रोज थोडा डोस उतरवत दोन ते तीन आठवडे. इथे एक चूक वारंवार होते. पाच दिवसांच्या गोळ्यांनी सूज उतरते, रुग्ण खूश होतो, गोळ्या बंद करतो, आणि आठव्या दिवशी पुरळ पहिल्यापेक्षा जोरात परत येतं. शरीराचा राग दोन-तीन आठवडे टिकणारा असतो. औषध त्याआधी संपलं की तो पुन्हा उफाळतो. मधुमेह असणाऱ्याने ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं, कारण या गोळ्यांनी साखर झपाट्याने चढते. फोडांत पू झाला, ताप आला किंवा लालसर पट्टा वर सरकताना दिसला तर जंतुसंसर्ग झाला आहे आणि प्रतिजैविक लागेल.

स्टेरॉइडचं नाव निघालं की महाराष्ट्रातल्या गल्लोगल्लीच्या दुकानांत मिळणाऱ्या ‘खाज-खरूज-गजकर्ण, सगळ्यावर एकच’ अशा मलमांबद्दल बोलावंच लागतं. एका ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक अशी खिचडी असते. पहिल्या दिवशी गुण येतो, म्हणून माणूस महिनोन् महिने लावत राहतो. कातडी कागदासारखी पातळ होते, रेषा उमटतात, चेहऱ्यावर लाली आणि केस येतात, आणि आत दबून राहिलेला नायटा अंगभर पसरतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यावर सतत आवाज उठवला आणि २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. नियम कागदावर आहे. दुकानदाराकडे हात पसरून ट्यूब मागणारा आणि ती देणारा, दोघेही अजून आहेत.

झाडामुळे उठलेली प्रत्येक खाज मात्र या जातीची नसते, आणि उपचारही वेगळे. खाजकुइलीच्या शेंगेवर तांबूस मखमली लव असते. तिचे केस कातडीत घुसतात आणि त्यांतलं म्युकुनेन नावाचं विकर तिथल्या तिथे, सेकंदांत खाज पेटवतं. दोन दिवस थांबायचा प्रश्नच नाही. १९५५ साली वॉल्टर शेली आणि रॉबर्ट आर्थर या अमेरिकन संशोधकांनी हे विकर वेगळं काढलं. इथे चोळणं म्हणजे केस आणखी खोल दाबणं. आधी चिकटपट्टी लावून ओढावी, केस तिच्याबरोबर निघून येतात; मग पाण्याने धुवावं. सह्याद्रीत पावसाळ्यात भटकणाऱ्यांना खाजोटीचा चटका बसतो त्यालाही हाच उपाय, आणि तो चटका सहसा काही तासांत आपोआप शमतो.

लिंबाचा रस हाताला लागून तो हात उन्हात राहिला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाजल्यासारखे डाग पडतात. रसातली सोरॅलेन द्रव्यं ऊन पिऊन कातडी जाळतात. यात खाज कमी आणि काळे डाग जास्त. बावचीच्या बियांतही हीच द्रव्यं असतात. कोडाच्या औषधात त्यांचा मुद्दाम उपयोग करतात आणि मात्रा चुकली की फोड येतात.

शेराच्या आणि रुईच्या चिकाबाबत मात्र एका क्षणाचीही दिरंगाई करू नये, कारण तिथे डोळ्याचा प्रश्न असतो. शेराचा चीक डोळ्यात गेला तर असह्य आग होते, माणूस आपणहून नळाकडे धावतो. रुईचं वाईट हे की दुखत नाही. शनिवारी मारुतीला घालायला रुईच्या पानांची माळ करताना देठ खुडला, पांढरा चीक बोटाला लागला, तेच बोट डोळ्याला लागलं. थोडं चुरचुरलं, थांबलं. काही तासांनी समोरचं धुरकट दिसायला लागतं. रुईच्या चिकाने बुबुळाच्या आतल्या बाजूचा नाजूक थर दुखावतो आणि बुबुळ सुजतं. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी असे रुग्ण वारंवार नोंदवले आहेत. दुखत असो वा नसो, डोळा उघडा धरून पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. वेळेवर उपचार झाले तर नजर बहुतेक वेळा परत येते.

राहिलं गाजर गवत. महाराष्ट्रात त्वचेच्या बाबतीत सगळ्यात जास्त छळ केला असेल तर या वनस्पतीने. मूळची अमेरिका खंडातली. स्वतंत्र भारतात तिची पहिली ठळक नोंद पुण्यातली, १९५५च्या सुमाराची, आणि परदेशातून आलेल्या धान्यातून तिचं बी आलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. काँग्रेस गवत, चटकचांदणी अशी नावं पडेपर्यंत ती रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, शाळेच्या मैदानांत पसरली होती. एक झाड हजारो बिया टाकतं. १९७०च्या दशकात पुण्यातल्या डॉ. लोणकरांनी इंग्लंड आणि कॅनडातल्या सहकाऱ्यांबरोबर या गवताच्या त्वचारोगावर लिहिलेला लेख जगभर वाचला गेला.

गाजर गवतातलं पार्थेनिन हे द्रव्य बिब्ब्याच्या कुळातलं नाही, तरी हल्ला त्याच सावकाश जातीचा. फरक एवढाच की गवताला हात लावायची गरज नाही. वाळलेल्या पानांवरची बारीक लव आणि धूळ वाऱ्यावर येते आणि उघड्या कातडीवर बसते: पापण्या, कानामागची घडी, मानेची बाजू, सदऱ्याच्या गळ्यातून दिसणारा छातीचा त्रिकोण, कोपराचा खळगा. पापण्यांवर आणि कातडीच्या घड्यांत दाह दिसला की अनुभवी डॉक्टर उन्हाच्या अॅलर्जीपेक्षा गवताचा संशय आधी घेतात, कारण ऊन घडीत शिरत नाही आणि धूळ शिरते. पाठीवर चाचणीच्या पट्ट्या लावून तो संशय पक्का करता येतो. सुरुवातीला वर्षातले काही महिने त्रास आणि काही महिने आराम असं चालतं. काही वर्षांनी आराम येतच नाही. चेहऱ्याची कातडी जाड, काळी, सुरकुतलेली होते. शेतकरी शेतात जाऊ शकत नाही. काहींना शेवंतीचं किंवा सूर्यफुलाचं शेतही सोसत नाही, कारण ही झाडं त्याच कुळातली.

अशा रुग्णाला प्रत्येक वेळी स्टेरॉइडवर ठेवणं म्हणजे त्याची हाडं आणि साखर पणाला लावणं. दिल्लीच्या एम्समधल्या त्वचारोग विभागाने अॅझाथायोप्रिन या औषधाचा इथे पद्धतशीर अभ्यास केला. ते संरक्षक पेशींना दीर्घकाळ थोडं दाबून ठेवतं, स्टेरॉइड कमी करता येतं, आणि रक्ताच्या तपासण्या नियमित केल्या तर अनेक रुग्ण पुन्हा बाहेर पडू शकतात. बाकीचं काम रानातलं. १९८०च्या दशकात बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून आणलेला, मुख्यतः हे गवत खाणारा भुंगा आता महाराष्ट्रातही पावसाळ्यात पानांची जाळी करताना दिसतो. फुलं येण्याआधी मुळासकट उपटणं हा साधा उपाय आहे, पण ज्याला आधीच पुरळ येतं त्याने ते करू नये. बाकीच्यांनी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून करावं.

आणि शेवटी त्या बायका, ज्यांच्यासाठी हे प्रकरण लिहिणं सगळ्यात जरुरीचं होतं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यातल्या काजू कारखान्यांत वाफवलेल्या बिया हाताच्या-पायाच्या कटरवर फोडल्या जातात. एका हाताने बी पात्यात धरायची, पायाने दाबायची, दुसऱ्या हाताने टरफल उघडून गर उचकटायचा. प्रत्येक बीबरोबर बोटांच्या टोकाला थोडं तेल लागतं. बायका कामाला बसताना हातांना तेल आणि राख लावतात, संध्याकाळी पुन्हा तेलाने चोळून काढतात. तरी अंगठा आणि तर्जनी काळी पडतात, सालपटं निघतात, भेगा पडतात. विदर्भात बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्यांचे हात याहून वाईट असतात, कारण ते तेल जास्त जहाल. अशा हातावर डॉक्टरांनी लिहिलेलं मलम रविवारपर्यंत काम करतं आणि सोमवारी ते हात पुन्हा त्याच तेलात जातात.

हातमोजे देऊन हा प्रश्न सुटत नाही, असं कारखानदार सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. या जातीचं तेल साध्या रबरी मोज्यातून आरपार जातं. मोज्याच्या आत घामात ते आणखी मुरतं. जाड व्हायनिलचा मोजा तेल अडवतो, पण त्यातून गर अखंड निघत नाही. आणि मजुरी किलोवर असते: अखंड गराचा भाव वेगळा, तुकड्याचा वेगळा. मोजा घालणाऱ्या बाईच्या हाती दिवसाअखेर कमी पैसे पडतात, म्हणून ती तासाभरात तो काढून ठेवते. तरी एवढं करता येतं: फक्त डाव्या हाताला, जो बी धरतो, मोजा; उजव्या हाताच्या दोन बोटांना आवरण; टेबलाशेजारीच नळ आणि साबण; दर दोन तासांनी हात धुवायला पाच मिनिटं, त्या पाच मिनिटांचे पैसे न कापता. यातलं काहीच महाग नाही, आणि फोडणी यंत्राने करणाऱ्या मोठ्या कारखान्यांत तर हाताला तेल लागायचा प्रसंगच कमी येतो. लहान कारखान्यांतल्या शेडमध्ये मात्र नळ अजूनही बहुधा फाटकापाशी असतो, आणि तिथे जाऊन यायला दहा मिनिटं लागतात.